बेंबीतली कळी

मंगळवारी दुपारी चार वाजता नवी मुंबईतल्या करावे गावात आमच्या बिल्डिंगखाली पाय ठेवायला जागा नसायची. एरवी तिथे गाड्या उभ्या असतात. मंगळवारी त्या रस्त्यावर काढलेल्या असत आणि आत सतरंज्या अंथरलेल्या. सीवूड्सच्या सोसायट्यांमधल्या बायका रिक्षा करून येत, गावातल्या आपापले पाट घेऊन येत. मधोमध एक दिवाण, आणि त्यावर हिरवीगार साडी नेसलेल्या, पोटावरचा पदर बाजूला केलेल्या पुतळाबाई उताण्या झोपलेल्या. त्यांच्या बेंबीवर पितळेचा तांब्या उपडा घातलेला.

"आता बघा!" वामनबाबानं तांब्याचं बूड धरलं आणि वर ओढलं. तांब्या सुटला नाही. उलट पोटाची कातडीच तांब्याबरोबर वर आली. बायकांनी एकदम श्वास घेतला.

"सुटतोय का? नाही सुटत! कोणी पैलवान आहे का इथं? या, ओढा!"

मागून एक तरणाबांड गडी पुढे आला, त्यानं दोन हातांनी तांब्या ओढला. पुतळाबाईंनी खालचा ओठ दातांत धरला. तांब्या जागचा हलला नाही.

"देवीनं धरलाय, देवीनं! माता-भगिनींनो, टेन्शन लेनेका नय. तुमची गेल्या जन्मीची पापं म्हणजे यार्डात अडकलेला कंटेनर. ड्युटी भरली नाही, म्हणून सुटत नाही. देवीची एक सही झाली की गेट उघडला, माल बाहेर!"

वामनबाबा पूर्वी न्हावा शेवा बंदराच्या एका यार्डात गेटपास फाडायचा. नोकरी सुटली, भाषा काही सुटली नाही.

मग तो डोळे मिटून पुटपुटला, तांब्याच्या काठाशी अंगठा दाबला, फुस्स असा आवाज झाला आणि तांब्या अलगद हातात आला. खाली पुतळाबाईंच्या बेंबीत ती होती. जांभळाएवढी, जांभळाच्याच रंगाची, ओलसर गाठ. तिच्यावर रक्ताचे दोन-तीन थेंब. बाबानं ते कापसावर टिपले, करंड्यातल्या कुंकवात कालवले आणि ओरडला, "कळी फुलली! कुंकू आलं! लाइन लावा, धक्काबुक्की नको!"

आणि चांगल्या शिकल्यासवरल्या बायका रांगेत उभ्या राहून ते कपाळी लावून घेत. मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभी राहून हे बघत असे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात असे.

मी उज्वला. महापालिकेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. आम्ही मूळचे कोरेगावकडचे, सातारा जिल्ह्यातले. माझा नवरा मानसिंग वाशीच्या मार्केटात माथाडी आहे. नऊ वर्षं झाली, पुतळाबाईंच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहतो. म्हणजे ज्यांच्या पोटावर हा तमाशा चालला होता, त्या माझ्या घरमालकीण. मी त्यांना मावशी म्हणते. गावच्या जमिनीवर शहर आलं, मावशींच्या वाट्याला ही तीन मजली बिल्डिंग आली. पण मावशी अजून पहाटे उठून खाडीकडे चक्कर मारतात, मासळीवाल्यांशी भांडतात आणि आम्हाला वाटीभर कालवण वर पाठवतात. निदान तेव्हापर्यंत पाठवत होत्या.

हे सुरू कसं झालं ते सांगते, कारण त्यात माझाही हात आहे.

आषाढात एकदा त्यांची सून भाविका मला हाताला धरून खाली घेऊन गेली. "टीचर, आईच्या बेंबीन काय आयलाय बगा ना. दोन म्हयनं झाला, जात नाय."

मावशींनी लाजत पदर सरकवला. तेव्हा ती गाठ वाटाण्याएवढी होती. दुखत नव्हती. मी वाकून बघितलं. विज्ञानाची शिक्षिका ना मी! दोन सेकंदांत निकाल दिला. "बेंबीचा हर्निया असेल मावशी. घाबरू नका. कधीतरी दाखवून घ्या डॉक्टरला."

"पोट पन जड वाटतो गं," मावशी म्हणाल्या. "दोन घास खाल्लं का भरतो."

"वय झालं की पचन मंदावतं," मी म्हणाले आणि पेपर तपासायला वर निघून आले.

'कधीतरी' हा शब्द मी वापरला. आपल्याकडे कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

कधीतरी डॉक्टरकडे जायच्या आधी शेजारच्या म्हातारीनं निदान केलं, "पुतले, तुजी बेंबी सरकली." आता हे निदान काही नवं नाही. आमच्या साताऱ्याकडेही आहे. पोट बिघडलं, जेवण जाईना, की बेंबी सरकली म्हणायचं. मग पायाळू माणसाला बोलवायचं. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्यानं बेंबीवर कणकेचा दिवा ठेवून पेटवायचा, वर तांब्या उपडा घालायचा. तांब्या चिकटतो, पोट ओढलं जातं आणि बेंबी जागेवर बसते, असा समज. माझी आजीसुद्धा हे करून घ्यायची.

कामोठ्याचा वामन पायाळू होता. एवढीच त्याची पदवी. तो आला तेव्हा साधा बेंबी बसवणारा होता, बाबा नव्हता. त्यानं तांब्या लावला, काढला, आणि गाठीतून रक्त आलं. त्याची आधी तंतरली म्हणे. भाविकानं बघितलं होतं, चेहरा पांढराफटक पडला होता. पण माणूस हुशार. त्यानं लगेच हात जोडले. "आई! हे रक्त नाही. हे कुंकू आहे! बेंबीत देवीची कळी आलीय!"

तिथून पुढे गाडी सुसाट. एकवीस मंगळवार सांगितले. एकवीस मंगळवार सुई टोचायची नाही, मशीनमध्ये घालायचं नाही, डॉक्टरचा हात लागू द्यायचा नाही. "सील तुटलं की माल खराब! मग देवी गेली तर माझ्याकडे यायचं नाही." मावशींचा मुलगा धनेश याला तर आभाळ ठेंगणं झालं. त्यानं नाक्यावर बॅनर लावला, त्यावर मावशी, देवी आणि स्वतः धनेश, तिघेही सारख्याच मापाचे.

तिसऱ्या मंगळवारनंतर मी मावशींना एकटं गाठलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही एवढ्या खमक्या. मासळीवाला दहा रुपयांना फसवायला गेला तर त्याचे कान उपटता. आणि हे कसं पटतं तुम्हाला?"

मावशींनी पोटावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तुजा काका जाऊन एकोनीस वरसां झाली, उज्वला. तवापासून मना हलदीकुकवाला कोनी बोलवला नाय. माज्या भाविकाचा पयला हलदीकुकू, या माज्याच घरान, मी आतल्या खोलीन बसून व्हती. दार लोटून. आनि आता बग. त्याच बायका माज्या अंगातला कुकू कपालाला लावतान. त्या नामदेवाच्या बायकोनं परवा माजी ओटी भरली. रडली ती. मी पन रडली."

तांब्या का चिकटतो ते मला माहीत होतं. एकोणीस वर्षं दार लोटून बसलेल्या बाईला काय सांगायचं, ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. त्या माणसाला विज्ञान येत नसेल, पण बाईची दुखरी जागा त्याला बरोबर सापडली होती.

मानसिंग म्हणाला, "कशाला नादाला लागतीस? भाड्यानं ऱ्हातोय आपण. उद्या खोली खाली करा म्हणलं तर कुठं जायाचं?"

"म्हणून गप्प बसू?"

"मी गप बस म्हणत न्हाई. पण दमानं घे."

मी दमानं घेतलं. पाच मंगळवार दमानं घेतलं. आठव्या मंगळवारी मला राहवेना. मानसिंगला म्हटलं, मार्केटातून येताना एक गोल, लहानसं, गुळगुळीत कलिंगड आण. तो काही विचारायला गेला नाही. इतकी वर्षं संसार केलाय.

त्या दिवशी खाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. बाबाचा तांब्या चिकटला, पैलवानानं ओढला, सगळं यथासांग झालं. रांग लागायच्या आत मी कलिंगड काखेत आणि कणकेचा गोळा, कापूर हातात घेऊन पुढे गेले.

"बाबा, मला पण एक चमत्कार दाखवायचाय."

"टीचर, ही शाळा नाही," बाबा हसला. "इथं परीक्षा नसते, श्रद्धा असते."

"पाचच मिनिटं. तुमचा तांब्या द्या. देवी खरी असेल तर माझ्यासारखीकडून काय होणार आहे?"

बायकांमधून आवाज आला, "द्या की! काय हुतंय?" गर्दी ही अशीच असते. तिला देवी आवडते आणि भांडण त्याहून आवडतं. बाबाला तांब्या द्यावा लागला.

मी कलिंगड दिवाणाच्या कडेला ठेवलं. त्यावर ओल्या कणकेचं कडं केलं, तांब्याच्या तोंडाएवढं. मध्ये कापराची वडी पेटवली. ज्योत चांगली फरफरली तशी वर तांब्या उपडा दाबला. आत ज्योत विझली. मी दहा आकडे मोजले, मोठ्यानं, वर्गात मोजते तसे. मग तांब्याचं बूड धरून उचललं.

तांब्याला लटकून कलिंगड वर आलं.

मग मागून कुणीतरी पोरगी ओरडली, "अगं बाई, कलिंगडाच्या पन अंगात आली!" आणि जो हशा फुटला तो थांबेना.

मी तेवढ्यात सांगून टाकलं. "आग लागली की आतली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर पळते. तांब्या बसला की ज्योत विझते, उरलेली हवा गार होते, आक्रसते. आतला जोर कमी पडतो आणि बाहेरची हवा तांब्याला दाबून धरते. देवी नाही, बाहेरची हवा धरते. काठाशी अंगठा घातला की हवा आत शिरते, फुस्स होतं, तांब्या सुटतो." मी अंगठा घातला. फुस्स झालं. कलिंगड दिवाणावर धपकन पडलं आणि फुटलं.

"आणि कुंकू?" सोसायटीतल्या एका बाईनं विचारलं.

"ते रक्त आहे. तांब्या कातडी ओढतो, रक्त वर येतं. ती गाठ नाजूक आहे, ओढली की फुटते. तुम्ही सगळ्या आठ आठवडे या बाईचं रक्त कपाळाला लावताय."

दोघी-तिघींचे हात कपाळाकडे गेले. एकीनं पदरानं कपाळ खसाखसा पुसलं.

"विज्ञानाला लीला कळत नाही!" वामन म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात गेटपासवाला ऐकू येत होता. "माझी सेवा इथं संपली." त्यानं करंडा उचलला, पिशवीत टाकला आणि स्कूटरवर बसून निघाला. पोरं मागे धावली, "बाबा, कंटेनर राहिला! बाबा, माल राहिला!"

तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "मास्तरीनबाय, तांब्याचा कळला. मंग गाठ कोनी आनली?"

तो त्या दिवसातला एकमेव शहाणा प्रश्न होता. आणि मी, जिंकलेली, घामाघूम, पन्नास मोबाइलच्या कॅमेऱ्यांसमोर उभी असलेली उज्वला टीचर, म्हणाले, "साधी गाठ आहे आजी. हर्निया. डॉक्टर दहा मिनिटांत काढून टाकतील."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मावशी एकट्याच उठून बसल्या. आधी कोपरावर, मग हातावर, दोनदा थांबत. त्यांनी पोटावर पदर ओढला आणि भिंतीला धरून आत गेल्या. त्यांना हात द्यायला कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. मी बघत होते, पण माझं लक्ष व्हिडिओ कोण काढतंय तिकडे होतं. हे लिहिताना मला लाज वाटते. म्हणून मुद्दाम लिहितेय.

पुढचे दिवस माझे होते. व्हिडिओ गावोगाव गेला. मुलं मला कलिंगड टीचर म्हणू लागली. एका मंडळानं शाल-श्रीफळ दिलं, दुसऱ्यानं नवरात्रात व्याख्यान ठेवलं. कामोठ्याला, सानपाड्याला, दोन महिला मंडळांत मी कलिंगड उचलून दाखवलं. वामनवर तक्रार करायची म्हणून धनेशकडे गेले, तर तो म्हणाला, "आमच्या घरची इज्जत तुमी रस्त्यावर फोडलीत टीचर. तक्रार-बिक्रार काय नाय. दिवाळीपर्यंत खोली बघा." मावशींचं कालवण बंद झालं. मीही रागावले. म्हटलं, एवढं भलं केलं तर हे बक्षीस! पाच आठवडे मी त्यांच्या दारात पाय ठेवला नाही. शेजारच्या बायकांनी पण ठेवला नाही. देवी गेली तशी मावशींची ओटी गेली, बोलावणी गेली. परत दार लोटलं गेलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी भाविका वर आली. दारातच उभी राहिली.

"टीचर, माज्यावर रागावू नका. आईचा पोट बगा ना येऊन. साडीची गाठ बसत नाय. हातपाय काड्या झाल्यान आनि पोट..." तिनं हातानं केवढं ते दाखवलं.

मी खाली धावले. मावशी त्याच दिवाणावर कुशीवर पडल्या होत्या. गाल बसलेले, पोट टम्म. मला बघून हसल्या. "ये गं. रुसलीस काय माज्यावर?"

धनेशला विचारलंच नाही. मानसिंगनं टेम्पो आणला, गादी टाकली आणि आम्ही मावशींना डॉक्टर श्रुतींकडे नेलं. त्या बायकांच्या आजारांच्या डॉक्टर, माझ्या एका विद्यार्थिनीची आई.

डॉक्टरांनी हातमोजा घातला. एक बोट त्या गाठीवर ठेवलं. दाबलं. मी बघत होते. ज्या गाठीवर आठ आठवडे तांब्या बसला, जिच्यावरून मी अख्खं भाषण दिलं, तिला तोपर्यंत कुणी बोट लावून बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. डॉक्टरांनी बोट उचललं नाही, पण त्यांचा चेहरा बदलला.

"भूक कधीपासून कमी झाली मावशी?"

"व्हलीच्या सनापासून."

"पोट फुगल्यासारखं?"

"तवापासूनच. आनि लघवीला सारका जावा लागतो. मना वाटला वय."

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, पोटातलं पाणी काढून पाठवलं, गाठीचा तुकडा पाठवला. रिपोर्ट आले त्या दिवशी धनेश पण होता. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं आणि कागदावर चित्र काढलं. गर्भाशय, दोन बाजूंना दोन बीजकोश, वर पोटाची भिंत, मधोमध बेंबी.

"आजार इथं आहे," त्यांनी एका बीजकोशावर पेन टेकवलं. "कर्करोग. हा लपतछपत वाढतो, लवकर दुखत नाही. पोट जड, भूक कमी, एवढंच सांगतो, आणि बायका ते गॅसवर ढकलतात. मग तो पोटात पसरतो, पाणी धरतं. बेंबी ही पोटाच्या भिंतीतली सगळ्यात पातळ जागा. क्वचित आजार तिथून बाहेर डोकावतो. कातडीवर साधी गाठ दिसते, पण ती कातडीची नसते. आतून आलेली असते."

धनेशनं विचारलं, "तांब्यामुलं झाला काय?"

"नाही. तांब्यानं आजार दिला नाही. तांब्यानं वेळ खाल्ला."

"आनि आदी आनला असता तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "गाठ बेंबीत दिसली तेव्हाच आजार पसरलेला होता. पूर्ण बरा झाला असता असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा अंगात औषध सोसायची ताकद होती. ऑपरेशन करता आलं असतं कदाचित. आता आधी अंगात जीव आणावा लागेल, मग औषध. मिळतील तेवढे महिने आपण मिळवू."

धनेश माझ्याकडे वळला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "टीचर, तो वामन खोटारडाच व्हता. पन तुमी तर शिकलेल्या. तुमीच बोललात ना सगल्यांसमोर, साधी गाठ हाय म्हनून?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वामन म्हणाला देवी, मी म्हणाले हर्निया. दोघांनीही हात न लावता सांगितलं. त्याला त्यातून गर्दी मिळाली, मला शाल मिळाली. त्यानं ठरवून फसवलं, मी फसवलं नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या गोष्टीचा पुरावा हातात नाही ती छातीठोकपणे सांगायची नाही, हे मी सातवीच्या मुलांना दर वर्षी पहिल्या तासाला शिकवते.

दिवाळी झाली. खोली खाली करायचा विषय धनेशनं परत काढला नाही. दर तीन आठवड्यांनी मावशींना सलाइनमधून औषध चालू आहे. केस गेले. पाणी पुन्हा भरतं, पुन्हा काढतात. मी सुट्टीच्या दिवशी सोबत जाते, त्या माझा हात धरून बसतात आणि मी काहीच करू शकत नाही. कलिंगड उचलता येतं. हे उचलता येत नाही. वामन म्हणे आता दुसरीकडे कुठेतरी गुडघे बसवतो.

संक्रांतीनंतर भाविकानं हळदीकुंकू केलं. तिनं मावशींना आतल्या खोलीत जाऊ दिलं नाही. दिवाण हॉलमध्येच ठेवला, पहिलं बोट हळदीचं आणि दुसरं कुंकवाचं सासूला लावलं, आणि मग दार उघडलं. काही बायका चपापल्या. काही उंबऱ्यावरून तिळगूळ घेऊन निघून गेल्या. पण बऱ्याच आत आल्या आणि बसल्या. एवढंसं काम होतं. त्याला ना देवी लागली, ना चमत्कार. एकोणीस वर्षांपूर्वी पण हे करता आलं असतं, आणि केलं असतं तर वामनला त्या घरात उभं राहायला जागा मिळाली नसती, असं मला वाटतं.

आलेल्यांत नमिताताई होत्या. पुढच्या गल्लीत राहतात, पंचेचाळीसच्या असतील. मंगळवारच्या रांगेतल्याच एक. वाण घेऊन उठताना त्यांनी साडीची गाठ सैल केली. मावशींनी ते पाहिलं.

"नमिता, इकरं ये. पोट फुगतो काय तुजा?"

"फुगल्यासारखं वाटतं मावशी. तीनेक महिने झाले. गॅस हो, दुसरं काय."

"जेवन?"

"कमीच झालंय. बरंच आहे, वजन तरी उतरेल." त्या हसल्या. बाकी कुणी हसलं नाही.

मावशींनी पोटावरचा पदर बाजूला केला. सगळ्यांसमोर. गाठ आता काळपट आणि मोठी झाली होती. "या बग नीट. याला आमी देवी बोललो. देवी नाय, दुखना हाय. आतून आयलाय. माजा पोट व्हलीपासून सांगत व्हता, मी आयकला नाय. तू आयक. ही उज्वला तुला डॉक्टरकरं नेल. आताच जा."

नमिताताईंचा चेहरा उतरला. मी त्यांच्याजवळ बसले. या वेळी निदान सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "मला माहीत नाही काय आहे ते. बहुतेक काही नसेलच. पण तीन महिने म्हणजे खूप झाले. चला, मी येते. सोनोग्राफीला अर्धा तास लागतो."

"जाते ना," त्या उठत म्हणाल्या. "एवढी हळदीकुंकवं होऊन जाऊ देत, टीचर. घरी बायका बोलावल्यात. रथसप्तमी झाली की नक्की जाते. देवाशप्पथ."

त्या गेल्या. मी दुसऱ्या दिवशी फोन केला, तिसऱ्या दिवशी दार वाजवलं. "रथसप्तमी झाली की" हेच उत्तर. ओढून तर नेता येत नाही कुणाला. मावशी रोज विचारतात, "नमिता गेली काय गं?" आणि मी रोज नाही म्हणते.

म्हणून हे लिहितेय. माझ्याकडे आता दाखवायला तांब्या नाही, कलिंगड नाही. साधं सांगणं आहे. बायांनो, पोट दोन-तीन आठवडे सतत फुगलेलं असेल, थोडं खाल्लं तरी भरत असेल, सारखं लघवीला जावं लागत असेल, पाळी कायमची थांबली असताना रक्त दिसलं असेल, तर डॉक्टरला दाखवा. बेंबीत, जांघेत, कातडीवर कुठेही नवी गाठ आली आणि गेली नाही, तर पायाळूला नको, शेजारणीला नको, माझ्यासारख्या टीचरलाही विचारू नका. जो हात लावून तपासेल आणि यंत्रात बघेल त्याला विचारा. दहांतल्या नऊजणींना काही निघणार नाही. त्या हसत घरी येतील. दहावीला वेळ मिळेल.

रथसप्तमीला अजून अकरा दिवस आहेत. नमिताताई, हळदीकुंकू बुडलं तर बुडू द्या. आज जा.